असाध्य या शब्दापलीकडे : डॉ. लुडविग गुटमन

रुग्णालयातून एखादा माणूस घरी परतला की त्याच्यावरील उपचार यशस्वी झाले किंवा नाही, हे आपण सहसा एकाच प्रश्नावरून ठरवतो. रोग बरा झाला का, हा तो प्रश्न. ताप उतरला, जखम भरली, मोडलेले हाड जुळले, की त्याचे उत्तर होकारार्थी मिळते. परंतु काही व्याधी आणि काही दुखापती अशा असतात, की त्यांच्या बाबतीत हे उत्तर कधीच मिळत नाही. पाठीच्या कण्याला जबर इजा होऊन आतला मज्जारज्जू तुटला, तर तो पुन्हा पूर्ववत करण्याचा उपाय वैद्यकशास्त्राला अजूनही सापडलेला नाही. मग अशा रुग्णावर केलेल्या उपचारांचे यश कशावरून मोजायचे? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फार थोड्या डॉक्टरांनी हा प्रश्न गंभीरपणे विचारला होता. ज्यांनी तो विचारला आणि आपल्या हयातभराच्या कार्याने त्याचे उत्तर दिले, त्यांत डॉ. लुडविग गुटमन यांचे स्थान फार वरचे आहे.

लुडविग गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तेव्हाच्या जर्मनीतील अप्पर सायलेशिया या प्रदेशात, टोस्ट नावाच्या लहानशा गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये असून टोशेक या नावाने ओळखले जाते. लुडविग तीन वर्षांचे असताना हे कुटुंब केनिग्सह्यूटे या शहरी राहावयास गेले. हा सारा परिसर कोळशाच्या खाणींचा होता. खाणीत काम करणाऱ्यांचे अपघात नित्याचेच असल्यामुळे जखमी कामगारांसाठी शहरात स्वतंत्र रुग्णालय होते. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, शालेय शिक्षण संपवून बाहेर पडलेले तरुण लुडविग त्या रुग्णालयात रुग्णसेवक म्हणून काम करू लागले.

एके दिवशी तेथे एका धडधाकट तरुण खाणकामगाराला आणण्यात आले. त्याच्या पाठीचा कणा मोडला होता आणि कमरेखालचे शरीर पूर्णपणे लुळे पडले होते. त्याला प्लास्टरमध्ये जखडून इतर रुग्णांपासून दूर, पडद्याआड ठेवण्यात आले. लुडविग त्याच्याविषयीच्या नोंदी लिहू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की तसे कष्ट घेण्याचे कारण नाही, कारण हा माणूस काही आठवड्यांतच मरणार आहे. झालेही तसेच. पाच आठवड्यांत त्या तरुणाच्या अंगावर खोल व्रण पडले, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला, रक्तात विषार भिनला आणि त्याचा अंत झाला. लुडविग यांच्या मनातून ते दृश्य कधीही पुसले गेले नाही. त्या तरुणाचा मृत्यू मोडलेल्या कण्यामुळे झाला नव्हता. तो झाला होता अंगावरील व्रणांमुळे आणि जंतुसंसर्गामुळे. हा फरक पुढे त्यांच्या सर्व कार्याचा पाया ठरला.

१९१८ साली त्यांनी ब्रेस्लाऊ येथे वैद्यकीय शिक्षणास आरंभ केला. १९२४ मध्ये त्यांनी पदवी संपादन केली आणि ब्रेस्लाऊ येथेच ऑटफ्रिड फोर्स्टर या नामवंत मज्जाविकारतज्ज्ञांच्या हाताखाली ते काम करू लागले. मेंदू, मज्जारज्जू आणि मज्जातंतू यांच्या विकारांचा सूक्ष्म अभ्यास त्यांना तेथे करता आला. अल्पावधीतच जर्मनीतील अग्रगण्य मज्जाशस्त्रवैद्यांमध्ये त्यांची गणना होऊ लागली. मात्र १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू डॉक्टरांना सार्वजनिक रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमन यांनाही आपले पद सोडावे लागले. ते ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात रुजू झाले आणि १९३७ साली त्या रुग्णालयाचे वैद्यकीय संचालक झाले.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, त्यांची घरे व दुकाने फोडण्यात आली आणि हजारो ज्यू पुरुषांना अटक करून छळछावण्यांत धाडण्यात आले. त्या रात्री रुग्णालयाच्या दारी जो कोणी येईल त्याला काहीही न विचारता दाखल करून घ्यावे, असा आदेश गुटमन यांनी दिला. चौसष्ट जण दाखल झाले. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलीस चौकशीस आले, तेव्हा गुटमन त्यांना घेऊन खाटेखाटेपाशी गेले आणि प्रत्येक माणसाला कोणता आजार आहे, हे त्यांनी शांतपणे सांगितले. कित्येकांचे आजार त्यांनी तिथल्या तिथेच रचले होते. त्या चौसष्टांपैकी साठ जणांची अटक टळली. ज्या डॉक्टरांनी पुढे खाटेवरच्या माणसाचे आयुष्य वाचवण्याचे नवे शास्त्र उभारले, त्यांच्या हातून हे कार्य आधी अशा रीतीने घडले होते.

जर्मनीत राहणे आता अशक्य झाले होते. पोर्तुगालमधील एका रुग्णाला तपासण्यासाठी सरकारने त्यांना प्रवासाची परवानगी दिली, आणि परतीच्या वाटेवर इंग्लंडमध्ये थांबण्याची संधी त्यांना मिळाली. निर्वासित विद्वानांना साहाय्य करणाऱ्या तेथील संस्थेने त्यांची सोय केली. मार्च १९३९ मध्ये पत्नी आणि दोन मुले यांच्यासह ते ऑक्सफर्डला पोचले. देश परका होता, भाषा परकी होती आणि हाती पैसा नव्हता. तेथे त्यांच्या वाट्याला मुख्यतः संशोधनाचे काम आले. रुग्णांवर स्वतःच्या जबाबदारीवर उपचार करण्याची त्यांची इच्छा मात्र अपुरीच राहिली.

ही संधी युद्धाने दिली. युरोपच्या भूमीवर मोठी चढाई होणार आणि कण्याला दुखापत झालेले सैनिक मोठ्या संख्येने परत येणार, हे ब्रिटिश सरकारने ओळखले होते. अशा रुग्णांकडे लक्ष देण्यास फारसे कोणी उत्सुक नव्हते, कारण मागील महायुद्धात यांपैकी बहुतेक सैनिक दगावले होते. अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. डोनाल्ड मनरो यांनी १९३० च्या दशकात या रुग्णांसाठी नवी उपचारपद्धती सुरू केली होती, पण तिचा प्रसार फारसा झालेला नव्हता. मज्जाविकारतज्ज्ञ जॉर्ज रिडॉक यांच्या सूचनेवरून सप्टेंबर १९४३ मध्ये गुटमन यांना नव्या केंद्राचे प्रमुखपद देऊ करण्यात आले. आपल्या पद्धतीने उपचार करण्याचे पूर्ण स्वातंत्र्य मिळावे, या एकाच अटीवर त्यांनी ते स्वीकारले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी बकिंगहॅमशर परगण्यातील आयल्सबरीनजीकच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात हे केंद्र सुरू झाले. खाटा सव्वीस होत्या आणि पहिल्या दिवशी रुग्ण होता एकच.

गुटमन यांनी तेथे काय केले, हे समजण्यासाठी मज्जारज्जू तुटल्यावर शरीरात काय घडते ते पाहिले पाहिजे. निरोगी माणूस झोपेतही वारंवार कूस बदलतो, कारण एकाच जागी भार पडला की त्वचा मेंदूला त्याची सूचना देते. मज्जारज्जू तुटलेल्या माणसाला ही सूचना मिळत नाही. माकडहाड, टाचा, नितंब अशा ठिकाणी हाड आणि बिछाना यांच्यामध्ये त्वचा दाबली जाते. तेथील रक्तप्रवाह थांबतो आणि काही तासांतच त्वचा मरू लागते. हाच शय्याव्रण होय. तो वाढत वाढत हाडापर्यंत जातो आणि त्यावाटे जंतू रक्तात शिरतात. दुसरा धोका मूत्राशयाचा. मूत्र साठल्याची जाणीव नसल्यामुळे ते आपोआप नीट बाहेर पडत नाही. म्हणून आत नळी घालून ठेवावी, तर त्या नळीवाटे जंतूंना वाट मिळते आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. या दोन कारणांनी बहुतेक रुग्ण दगावत असत. डॉक्टर मात्र दोष मोडलेल्या कण्याला देत आणि मरण येईपर्यंत रुग्णाला गुंगीचे औषध देऊन शांत ठेवत.

गुटमन यांनी प्रथम प्लास्टरचे साचे काढून टाकले, कारण त्यांच्यामुळे व्रण अधिकच वाढत. नंतर त्यांनी एक साधा पण कठोर नियम केला. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदललीच पाहिजे, मग दिवस असो वा रात्र. हे काम करणारी माणसे थोडी होती आणि ते कंटाळवाणेही होते. नियम पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी गुटमन स्वतः मध्यरात्री कक्षात येत, पांघरूण बाजूला करून त्वचा तपासत आणि वेळ पडली तर स्वतःच्या हातांनी रुग्णाला वळवत. मूत्राशयाच्या बाबतीतही निर्जंतुक हातांनी ठरावीक वेळी नळी घालून ती लगेच काढून घेण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. एकही नवे औषध न शोधता, केवळ शुश्रूषेची शिस्त बदलून, त्यांनी मृत्यूची वाट अडवली. जुने व्रण भरू लागले, ताप उतरू लागले आणि जे काही महिन्यांचे सोबती मानले जात होते ते जगू लागले.

आता नवाच प्रश्न उभा राहिला. ही माणसे जगणार, पण कशासाठी? वीस-बावीस वर्षांचे तरुण आयुष्यभर छताकडे पाहत पडून राहणार असतील, तर त्यांना वाचवण्यात काय साधले? रुग्णांच्या मनातही हाच विचार होता. कित्येकांना आपण घरच्यांवर ओझे झालो असे वाटे, आणि जगण्याची इच्छाच त्यांनी सोडून दिलेली असे. म्हणून गुटमन यांच्या मते उपचार व्रण भरल्यावर संपत नव्हते. खरे तर ते तेथून सुरू होत होते.

रुग्णाचा दिवस त्यांनी कामाने भरून टाकला. बसण्याचा सराव, हातांचा व्यायाम, खाटेवरून चाकाच्या खुर्चीत स्वतः जाण्याचे शिक्षण, कपडे घालणे, स्नान करणे, हे सारे रुग्णाला पुन्हा शिकावे लागे. केंद्रात कर्मशाळा निघाल्या. तेथे सुतारकाम, घड्याळदुरुस्ती आणि टंकलेखन असे व्यवसाय शिकवले जाऊ लागले. १९४४ सालीच ब्रिटनच्या संसदेने अपंग व्यक्तींच्या रोजगाराविषयी कायदा संमत केला होता. त्याचा उपयोग या शिकलेल्या हातांना झाला. स्टोक मँडेव्हिलमधून बाहेर पडणारे तरुण कारखान्यांत आणि कार्यालयांत नोकरीला लागले. अनेकांनी विवाह केले, संसार थाटले.

या दिनक्रमात खेळांचा प्रवेश जवळजवळ सहज झाला. चाकाच्या खुर्चीत बसलेले काही सैनिक काठ्यांनी एक चकती टोलवत खेळताना गुटमन यांना दिसले. त्या खेळात त्यांना आनंदाबरोबर औषधही दिसले. पाठीवरून थेट कमरेच्या हाडापर्यंत पसरलेला एक रुंद स्नायू असतो. त्याला मज्जातंतू मानेच्या भागातून मिळतात. त्यामुळे छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर मज्जारज्जू तुटला तरी तो स्नायू जिवंत राहतो आणि शरीराचा तोल कोठे जातो आहे, हे मेंदूला कळवू शकतो. तो बळकट केला, तर पाय लुळे असलेला माणूस ताठ बसू शकतो. धनुष्य ताणताना नेमका हाच स्नायू कामी येतो. शिवाय धनुर्विद्येत अपंग आणि धडधाकट या दोघांना एकाच मैदानावर बरोबरीने उभे ठाकता येते. म्हणून गुटमन यांनी धनुर्विद्येला मानाचे स्थान दिले.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक स्पर्धांचे उद्‌घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्च्यांत बसलेल्या सोळा खेळाडूंनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. त्यांत चौदा पुरुष आणि दोन स्त्रिया होत्या. पुढे दरवर्षी या स्पर्धा भरू लागल्या. १९५२ मध्ये नेदरलँड्सचे माजी सैनिक त्यांत सहभागी झाले आणि त्यांना आंतरराष्ट्रीय रूप आले. १९६० साली रोम येथे ऑलिंपिकनंतर लगेच या स्पर्धा झाल्या, तेव्हा २३ देशांतील सुमारे ४०० खेळाडू आले होते. याच स्पर्धा आता पहिल्या पॅरालिंपिक स्पर्धा म्हणून ओळखल्या जातात.

स्पर्धांची कीर्ती जगभर पसरली, परंतु गुटमन यांचे मुख्य कार्य रुग्णालयातच चालू होते. त्यांच्या कार्यामुळे उपचारांचे मूल्यमापन करण्याची रीतच बदलली. पूर्वी अशा रुग्णांची नोंद करताना तो जगला की मेला, एवढेच पाहिले जाई. स्टोक मँडेव्हिलमध्ये आणखी अनेक गोष्टी पाहिल्या जाऊ लागल्या. त्वचा अखंड आहे का, मूत्र निर्जंतुक आहे का, रुग्ण आधाराशिवाय बसतो का, तो घरी परतला का आणि त्याला काम मिळाले का, या प्रश्नांची उत्तरे आता महत्त्वाची ठरली. अनुभव एकत्र करण्यासाठी १९६१ मध्ये या विषयातील डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि गुटमन तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९६३ पासून निघालेल्या तिच्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले.

याच नियतकालिकात १९६९ साली स्टोक मँडेव्हिलचे डॉ. हान्स फ्रँकेल आणि त्यांचे सहकारी यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया न करता, उशांच्या आधारे शरीराची ठेवण योग्य राखून मोडलेला कणा जागी आणण्याची गुटमन यांची जी पद्धत होती, तिचे फळ त्यांना तपासायचे होते. त्यासाठी त्यांनी सहाशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी घेतल्या आणि रुग्णांचे पाच वर्ग केले. दुखापतीखाली संवेदनाही नाही आणि हालचालही नाही, तो ए वर्ग. केवळ संवेदना शिल्लक असेल तर बी. हालचाल आहे पण उपयोगाची नाही, तर सी. हालचाल उपयोगाची असेल तर डी. आणि मज्जासंस्थेची उणीव भरून निघाली असेल तर ई. प्रत्येक रुग्णाला दाखल होताना एक अक्षर मिळे आणि घरी जाताना दुसरे. ही दोन अक्षरे शेजारी ठेवली की उपचारांनी काय साधले, ते दिसू लागे. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीची उभारणी याच वर्गवारीवर झाली आहे.

तरीही ही अक्षरे सर्व काही सांगत नव्हती. ए वर्गात दाखल झालेला रुग्ण ए वर्गातच घरी जाऊ शकत होता. अक्षरांच्या हिशोबाने त्याच्यात काहीच सुधारणा नव्हती. पण याच काळात तो अंथरुणातून खुर्चीत जायला शिकला असेल, स्वतःच्या हाताने जेवू लागला असेल, एखादा व्यवसायही शिकला असेल. ही सुधारणा मोजण्यासाठी वेगळी मोजपट्टी हवी होती. १९६५ साली अमेरिकेत डॉ. फ्लॉरेन्स महोनी आणि भौतिकोपचारतज्ज्ञ डोरोथिया बार्थेल यांनी अशी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. जेवणे, स्नान करणे, कपडे घालणे, खाटेवरून खुर्चीत जाणे यांसारख्या दहा नित्यकर्मांपैकी रुग्ण कोणती स्वतः करतो आणि कोणत्यांसाठी त्याला मदत लागते, हे पाहून तिच्यात शंभरपैकी गुण दिले जातात. मज्जारज्जू किती सावरला हे एक मोजपट्टी सांगते आणि माणूस किती स्वावलंबी झाला हे दुसरी. ज्या रुग्णालयाकडे पहिलीच मोजपट्टी असेल, ते ए वर्गातल्या रुग्णावर मेहनत घेण्याचे कारण शोधत बसेल. दुसरी मोजपट्टी हाती असेल, तर त्याला रोज नवे काम सापडेल.

हाच विचार त्या काळात आणखी एका क्षेत्रात रुजत होता. १९६७ साली लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी मृत्यूच्या वाटेवर असलेल्या रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे रुग्णालय सुरू केले. तेथील रुग्ण बरे होणार नव्हते आणि पुष्कळसे कामावरही परतणार नव्हते. त्यांच्या बाबतीत वेदना किती कमी झाली, श्वासाचा त्रास घटला का, रात्री झोप लागली का, जवळच्या माणसांशी बोलता आले का, यांवरून शुश्रूषेचे यश ठरणार होते. दुःख हलके करणारी ही उपशामक शुश्रूषा आणि गुटमन यांचे पुनर्वसन यांच्या वाटा वेगळ्या आहेत. परंतु रोग बरा होत नाही म्हणून वैद्याचे कर्तव्य संपत नाही, ही दोहोंची श्रद्धा एकच आहे. दोन्ही ठिकाणी उपचारांचे फळ रुग्णाच्या रोजच्या जगण्यात शोधावे लागते.

गुटमन यांच्या कार्याचा धागा आपल्या देशापर्यंत, किंबहुना महाराष्ट्रापर्यंत येऊन पोचतो. सांगली जिल्ह्यातील पेठ या गावचे मुरलीकांत पेटकर भारतीय सैन्यात होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली आणि त्यांना अपंगत्व आले. पोहण्याच्या सरावाने त्यांनी आपले बळ परत मिळवले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त जलतरणात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक पटकावले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. २०१८ साली त्यांना पद्मश्री हा किताब देण्यात आला. ज्या देशातून गुटमन यांना परागंदा व्हावे लागले होते, त्याच देशाच्या भूमीवर त्यांनी सुरू केलेल्या स्पर्धेत एका मराठी सैनिकाने हा पराक्रम केला. पुढे १९७४ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे कण्याच्या दुखापतीमुळे अपंग झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. शुश्रूषेबरोबर व्यवसाय आणि खेळ यांची सांगड घालण्याचा विचार तेथेही रुजला.

थोर माणसांच्या कार्यालाही मर्यादा असतात. गुटमन स्वभावाने अत्यंत करारी होते. त्यांना विरोध सहन होत नसे. परिचारिका, सहकारी आणि रुग्ण या सर्वांना त्यांचा धाक वाटे. तरीही रुग्ण त्यांना आपुलकीने पॉपा, म्हणजे बाबा, म्हणत. मोडलेल्या कण्यावर लवकर शस्त्रक्रिया करण्यास त्यांचा ठाम विरोध होता. त्यांच्या काळातील शस्त्रक्रियांचे दुष्परिणाम पाहता त्यामागे कारण होते. पण पुढे शस्त्रक्रियेची साधने सुधारली आणि आज अनेक रुग्णांवर लवकर शस्त्रक्रिया केली जाते. त्यांच्या स्पर्धाही दीर्घकाळ मुख्यतः कण्याच्या दुखापतीच्या रुग्णांपुरत्या होत्या. अंध आणि अवयव गमावलेले खेळाडू १९७६ च्या टोरांटो येथील स्पर्धांपासून त्यांत सहभागी झाले. रुग्णाने कमावते व्हावे यावर गुटमन यांचा फार भर होता. माणसाचे मोल केवळ त्याच्या कमाईवर ठरवू नये आणि समाजानेही पायऱ्या, दारे, वाहने व आपली दृष्टी बदलली पाहिजे, हे पुढील पिढीतील अपंगांनी आग्रहाने मांडले. गुटमन यांनी उघडलेल्या दारातूनच ही पिढी पुढे आली होती. तिने त्यांचा विचार आणखी रुंद केला.

१९४५ मध्ये गुटमन यांना ब्रिटनचे नागरिकत्व मिळाले. १९६६ साली त्यांना सर हा किताब बहाल करण्यात आला आणि १९७६ मध्ये रॉयल सोसायटी या विख्यात विज्ञानसंस्थेने त्यांना आपले सदस्यत्व दिले. रुग्णालयातून निवृत्त झाल्यानंतरही ते अपंगांच्या क्रीडांगणाच्या उभारणीत, लेखनात आणि देशोदेशींच्या प्रवासात मग्न राहिले. १९७३ साली कण्याच्या दुखापतींवरील त्यांचा बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

केनिग्सह्यूटेच्या रुग्णालयातील त्या खाणकामगाराविषयी नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती, कारण त्याच्या आयुष्याचा निकाल आधीच लागलेला होता. गुटमन यांनी पुढील आयुष्यात अशा हजारो माणसांची नोंद ठेवली. दर दोन तासांनी बदललेली कूस, भरलेला व्रण, पहिल्यांदा खुर्चीत बसल्याचा दिवस, मिळालेली नोकरी, यांतून त्यांनी उपचारांचे यश शोधले. आज योग्य शुश्रूषा मिळालेली अशी माणसे अनेक दशके जगतात. जेथे ती मिळत नाही, तेथे शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांमुळे आजही माणसे दगावतात. त्यांना वाचवण्यासाठी लागणारे ज्ञान आता नवे राहिलेले नाही. कोणी तरी मध्यरात्री उठून पांघरूण बाजूला करून पाहणे, एवढेच अनेक ठिकाणी उरले आहे.